हाकेला ओ देणारी माणसं

२ जानेवारी २००७ रोजी न्यूयॉर्कच्या एका भुयारी रेल्वे स्थानकात वेस्ली ऑट्री नावाचे बांधकाम कामगार आपल्या दोन लहान मुलींबरोबर गाडीची वाट बघत उभे होते. वय पन्नास. जवळच्या एका तरुणाला अचानक फिट आली. ऑट्री आणि आणखी दोन बायका मदतीला धावल्या. तरुण थोडा सावरला, उभा राहिला आणि पुन्हा तोल जाऊन थेट रुळांवर पडला. बोगद्यातून गाडी येताना दिसत होती. ऑट्रींनी खाली उडी मारली. त्याला वर ओढून काढण्याइतका वेळ उरलेला नाही हे कळताच त्यांनी त्याला दोन रुळांमधल्या खोलगट जागेत दाबून धरलं आणि स्वतः त्याच्यावर पालथे पडले. ब्रेक लागूनही गाडीचे डबे दोघांच्या अंगावरून पुढे गेले. दोघंही वाचले. ऑट्रींच्या टोपीला गाडीच्या तळाचं वंगण लागलं होतं. मृत्यू तेवढ्या अंतरावरून गेला होता.

अशी बातमी वाचली की आपल्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, ‘असली माणसं वेगळीच असतात.’ आपण ते आदरानेच म्हणतो. पण त्या आदरात एक पळवाट दडलेली आहे. तो माणूस मुळातच वेगळा असेल, तर त्याने केलं ते माझ्याकडून कुणी अपेक्षितच धरू नये. विषय संपला. गेली साठेक वर्षं मानसशास्त्र आणि समाजशास्त्र या ‘वेगळेपणा’चा माग काढत आहेत. संकटात उडी घेतलेल्यांच्या मुलाखती झाल्या, प्रयोग झाले, रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण तपासून झालं. त्यातून जे हाती आलं, ते ही पळवाट बऱ्यापैकी बंद करतं.

आधी शब्दांचं बघू. ‘वीर’ म्हटलं की रणांगण डोळ्यांसमोर येतं, ‘नायक’ म्हटलं की नाटक-कादंबरी, आणि ‘हिरो’ तर पडद्यावरच राहतो. पण रोजच्या बोलण्यात आपण अशा माणसाबद्दल काय म्हणतो? ‘अडीअडचणीला धावून येतो.’ ‘हाकेला ओ देतो.’ मला हे शब्द जास्त खरे वाटतात, कारण त्यांत माणसाचा रंगढंग, ताकद, स्वभाव यांतलं काहीच नाही. फक्त एक हाक आहे आणि तिला दिलेलं उत्तर आहे. पुढे जे सांगणार आहे ते सगळं या दोन गोष्टींभोवतीच फिरतं.

कुणाला म्हणायचं

१९०४ च्या जानेवारीत अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हार्विक इथल्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला. पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. त्यांत दोघं असे होते, जे स्फोटानंतर इतरांना शोधायला आत उतरले होते. या दोघांच्या मरणाने पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी इतके हलले की त्यांनी त्याच वर्षी ५० लाख डॉलर बाजूला काढून एक निधी उभारला. सामान्य नागरिकांपैकी ज्यांनी दुसऱ्यासाठी जीव धोक्यात घातला, त्यांना हा निधी आजही पदक देतो आणि गरज असेल तिथे कुटुंबाला आधार देतो.

पदक कुणाला द्यायचं हे ठरवताना निधीला व्याख्या करावी लागली, आणि ती व्याख्या बरंच शिकवून जाते. कृती स्वेच्छेने केलेली हवी. जिवाला धोका खरोखरचा हवा. ज्याचं कामच वाचवण्याचं आहे, त्याने कर्तव्याच्या हद्दीत केलेलं यात धरत नाहीत. स्वतःच्या मुलाला वाचवणाऱ्या आईवडिलांनाही सहसा धरत नाहीत. हे शेवटचं कठोर वाटतं, पण त्यामागचा विचार कळतो. पोटच्या पोरासाठी धावणं ही माया झाली. ज्याचं नावही माहीत नाही त्याच्यासाठी धावणं हे वेगळं कोडं आहे, आणि उलगडायचं आहे ते तेच.

या व्याख्येला एक मोठी मर्यादाही आहे. ती आग, पाणी, रूळ, हल्लेखोर अशा क्षणांपुरतीच चालते. सेल्विन बेकर आणि ॲलिस ईगली या दोन अभ्यासकांनी २००४ मध्ये स्त्री-पुरुषांच्या धैर्याची तुलना केली. कार्नेगी पदक मिळालेल्यांत स्त्रियांचं प्रमाण दहात एकीपेक्षाही कमी होतं. पण जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रिया निम्म्याहून जास्त होत्या, आणि दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना लपवणाऱ्यांतही त्या कुठेच मागे नव्हत्या. धैर्य एकाच तऱ्हेने मोजलं की अर्धी माणसं मोजायचीच राहून जातात.

आधी हात जातो, मग डोकं

उडी घेणारा माणूस त्या क्षणी काय विचार करतो? डेव्हिड रँड आणि झिव्ह एपस्टाइन यांनी २०१४ मध्ये कार्नेगी पदक मिळालेल्या ५१ जणांनी मुलाखतींत काय सांगितलं होतं ते गोळा केलं आणि त्या घटना माहीत नसलेल्या लोकांना वाचायला दिलं. हे बोलणं विचार करून निर्णय घेणाऱ्याचं वाटतं की आतून आपसूक काही केलेल्याचं, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. जवळजवळ सगळं बोलणं दुसऱ्या प्रकारात गेलं. विचाराला थोडा वेळ मिळू शकला असता अशा घटनांतही तसंच. माणसं जणू सांगत होती की मी बघितलं आणि मी तिथे होतो, मधलं मला आठवत नाही.

यावरून ‘ते रक्तातच असावं लागतं’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मी तो काढणार नाही. आपसूक होणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा आधी कमावलेल्या असतात. सायकलवरचा तोल आपसूक सांभाळला जातो, म्हणून तो जन्मजात ठरत नाही. ऑट्रींनी नंतर सांगितलं की बांधकामावर अडचणीच्या, अरुंद जागांत काम करायची त्यांना सवय होती, त्यामुळे रुळांमधली जागा पुरेल हा त्यांचा अंदाज बरोबर निघाला. पूर्वी त्यांनी नौदलातही नोकरी केली होती. वर्षानुवर्षं अरुंद जागा डोळ्यांनी मापणारा माणूस त्या क्षणीही मापूनच उतरला होता.

याला आधार देणारा एक जुना अभ्यास आहे. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही संशोधकांनी अशा ३२ जणांना गाठलं, ज्यांनी प्रत्यक्ष गुन्हा घडत असताना मध्ये पडून धोका पत्करला होता. त्यांची तुलना मध्ये न पडलेल्या त्यांच्यासारख्याच लोकांशी केली. परोपकाराच्या भावनेत दोन गटांत फारसा फरक निघाला नाही. फरक निघाला तो उंची-वजनात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रशिक्षणात. मध्ये पडलेल्यांपैकी कितीतरी जण प्रथमोपचार, जीवरक्षण किंवा पोलिसी कामाचं काही ना काही शिकलेले होते. ‘मला हे जमेल’ असं आतून वाटणाराच पाऊल उचलतो. ज्याला काय करायचं तेच माहीत नाही त्याचं मन कितीही हळवं असलं तरी पाय जागचा हलत नाही.

हाक ऐकू येणं

इथे मला माझं एक सांगायचं आहे. काही वर्षांपूर्वी गर्दीच्या एका जिन्यावर माझ्यासमोर एक वयस्क गृहस्थ कोसळले. मी जेमतेम तीन पायऱ्या वर होतो. मी थांबलो, आजूबाजूला पाहिलं. सगळेच थांबले होते आणि आजूबाजूला पाहत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. दहा सेकंद असतील, वीसही असतील. मग खालून एक मुलगी वर आली आणि थेट माझ्याकडे बोट करून म्हणाली, ‘तुम्ही, निळा शर्ट, यांचं डोकं धरा.’ शेजारच्या माणसाला म्हणाली, ‘तुम्ही ॲम्ब्युलन्स बोलवा.’ मी खाली बसलो, डोकं धरलं. ते गृहस्थ बरे झाले. पण त्या दहा-वीस सेकंदांची मला आजही लाज वाटते, आणि ते सेकंद नेमके कशाचे बनलेले होते हे समजून घ्यायचं म्हणूनच मी या विषयाकडे वळलो.

ते कशाचे बनलेले असतात हे शोधायला सुरुवात झाली एका बातमीपासून. १९६४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोवीज या २८ वर्षांच्या तरुणीचा पहाटे तिच्या घराजवळ खून झाला. दोन आठवड्यांनी न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की शेजारपाजारचे ३८ लोक अर्ध्या तासाहून जास्त वेळ बघत राहिले आणि हल्ला चालू असताना कुणीही पोलिसांना कळवलं नाही. शहरातला माणूस दगड झाला आहे, असा हाहाकार झाला.

जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन तरुण मानसशास्त्रज्ञांना हे पटलं नाही. त्यांनी उलटा प्रश्न विचारला. इतकी माणसं असूनही कुणी आलं नाही, की इतकी माणसं होती म्हणूनच कुणी आलं नाही? १९६८ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून माइक आणि हेडफोनवरून एकमेकांशी बोलायला लावलं. मध्येच एका आवाजाला फिट आल्यासारखं झालं. तो आवाज खरं तर आधीच रेकॉर्ड केलेला होता. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के फिट चालू असतानाच मदत मागायला खोलीबाहेर आले. आणखी एक जण ऐकतो आहे असं वाटत होतं तिथे ६२ टक्के. आणखी चौघं ऐकत आहेत असं वाटत होतं तिथे फक्त ३१ टक्के.

या प्रयोगातला एक तपशील मला आकड्यांपेक्षा मोठा वाटतो. जे बाहेर आले नाहीत ते निवांत बसले नव्हते. संशोधक खोलीत गेला तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, तळवे घामेजले होते, आणि पहिला प्रश्न होता, ‘तो बरा आहे ना?’ त्यांना पर्वा नव्हती असं नाही. त्यांना हाक ऐकू आली होती, पण ती आपल्याला आहे की दुसऱ्याला, हे कळत नव्हतं. ‘कुणीतरी जाईल’ या वाक्यातल्या ‘कुणीतरी’त स्वतःला धरायचं की नाही, या विचारात ते अडकले होते. जबाबदारी पाच जणांत वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला इतका छोटा तुकडा येतो, की तो उचलावासा वाटत नाही.

डार्ली आणि लाताने यांच्या दुसऱ्या प्रयोगात एका खोलीत झडपेतून धूर सोडला. एकटा बसलेला माणूस असेल तर चारात तिघांनी उठून कळवलं. सोबत मुद्दाम ढिम्म बसलेली दोन माणसं ठेवली, तर दहात एकानेच कळवलं. इथे अडचण वेगळी आहे. जबाबदारीचा प्रश्न नंतरचा, आधी हे संकट आहे की नाही हेच ठरत नाही. आपण शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर उत्तर शोधतो आणि शेजारी आपल्या चेहऱ्यावर. दोघंही घाबरलेले, दोघांचेही चेहरे शांत. जिन्यावर आमचं तेच झालं होतं.

घाई हाही एक अडसर आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष जातं. १९७३ मध्ये डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टनमध्ये धर्मोपदेशक होण्याचं शिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. प्रत्येकाला शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत, दारापाशी वाकून पडलेला असे. ज्यांना उशीर झाला आहे असं सांगितलं होतं, त्यांतले फक्त १० टक्के थांबले. ज्यांच्याकडे वेळ होता त्यांतले ६३ टक्के. एकूण विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांच्या भाषणाचा विषय होता वाटेवर जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्याची बायबलमधली कथा. तरीही विषयामुळे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. चांगुलपणावर बोलायला जाताना काही मिनिटं उशीर झाला, एवढ्यानेही चांगुलपणा बाजूला पडू शकतो.

इथवर वाचून मन खट्टू होतं, म्हणून पुढचं सांगायलाच हवं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲमस्टरडॅम, केप टाउन आणि ब्रिटनमधलं लँकेस्टर या तीन शहरांतल्या सार्वजनिक ठिकाणच्या २१९ भांडणांचं कॅमेऱ्यातलं चित्रण तपासलं. प्रयोगशाळा नाही, खरे रस्ते. दहात नऊ घटनांत निदान एक तरी बघ्या मध्ये पडला होता, आणि माणसं जास्त असतील तिथे कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यताही जास्त होती. हे आधीच्या प्रयोगांच्या विरुद्ध आहे का? पूर्ण नाही. एकेका माणसाची शक्यता गर्दीत कमी होत असेलही, पण माणसं पुष्कळ असली की त्यातलं कुणी ना कुणी उठतंच, विशेषतः संकट उघड दिसत असेल तर. माणूस दगड झालेला नाही. त्याला फक्त सुरुवात जड जाते.

हाक मारली गेली म्हणून

आता जी गोष्ट सांगणार आहे ती या सगळ्या विषयात मला सर्वांत मौल्यवान वाटते.

सॅम्युएल ऑलिनर बारा वर्षांचे असताना पोलंडमध्ये नाझींच्या कत्तलीतून निसटले. घरचं कुणी उरलं नाही. बाल्विना पियेकुच नावाच्या एका ख्रिस्ती शेतकरी बाईने त्यांना आसरा दिला, नवं नाव दिलं, ज्यू म्हणून ओळखू येऊ नये म्हणून प्रार्थना शिकवल्या. ज्यूंना मदत करणाऱ्याला तिथे मृत्युदंड होता. ऑलिनर मोठे होऊन समाजशास्त्रज्ञ झाले आणि पत्नी पर्ल यांच्यासह त्यांनी एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्या बाईंनी दार का उघडलं, आणि इतरांनी का नाही? युरोपभरात लोकांना वाचवणारे ४०० हून अधिक जण आणि त्यांच्याच गावांतले, पण मदत न केलेले लोक यांच्या मुलाखती त्यांनी घेतल्या. १९८८ मध्ये निष्कर्ष मांडले.

धर्म, शिक्षण, पैसा यांनी उलगडा झाला नाही. वाचवणाऱ्यांत धार्मिक होते, नास्तिक होते, गरीब होते, श्रीमंत होते. फरक सापडला तो लहानपणच्या घरात. त्यांच्या आईवडिलांनी चूक झाली तर मारण्यापेक्षा समजावलं होतं. तुझ्या वागण्याने समोरच्याला काय झालं, हे दाखवलं होतं. आणि त्या घरांत ‘आपली माणसं’ या शब्दांची कड थोडी लांबवर ओढलेली होती. परक्या धर्माचा, परक्या जातकुळीचा माणूसही त्यात बसत होता.

पण दुसरा निष्कर्ष आणखी महत्त्वाचा. वाचवणाऱ्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोकांनी पहिल्यांदा मदत केली ती कुणीतरी विचारलं म्हणून. संकटातल्या माणसाने स्वतः, किंवा मध्यस्थाने. ते उठून शोधायला निघाले नव्हते. कुणीतरी दारावर थाप मारली, आणि त्यांना ‘नाही’ म्हणता आलं नाही. मी जिन्यावर बसलो तो एका बोटामुळे. मग ज्यांना ‘वेगळी माणसं’ म्हणतो, त्यांतल्या कितीतरी जणांची गोष्ट अशीच एका थापेने सुरू झाली होती, हे कळल्यावर मला धीर आला.

त्यानंतर काय होतं ते फ्रान्समधल्या ल शाँबों-सुर-लिन्यों या डोंगरी गावाच्या गोष्टीत दिसतं. धर्मगुरू आंद्रे त्रोक्मे यांच्या दारात एका थंडीच्या रात्री जर्मनीतून पळून आलेली एक ज्यू बाई उभी राहिली. आत येऊ का, म्हणाली. त्यांच्या पत्नी माग्दा यांनी आत घेतलं. एक रात्र, एवढंच. मग तिच्यासाठी कागदपत्रं मिळवावी लागली. मग आणखी कुणी आलं. पुढच्या काही वर्षांत त्या पठारावरच्या गावांनी हजारो निर्वासितांना लपवलं, त्यांत मुलं पुष्कळ होती. पहिल्या दिवशी कुणी विचारलं असतं की तुम्ही हजारोंना वाचवाल का, तर बहुधा कुणी हो म्हणालं नसतं. पण कुणी तसं विचारलंच नव्हतं. एकेक पाऊल विचारलं गेलं आणि एकेक टाकलं गेलं. आपण आधी ठरवतो आणि मग वागतो अशी आपली समजूत असते. पुष्कळदा आपण आधी वागतो आणि मग तसे होत जातो.

एकाने ओ दिली की दुसऱ्याला सोपं जातं, याचाही पुरावा आहे. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम यांचा विजेच्या धक्क्यांचा प्रयोग बहुतेकांनी ऐकलेला असतो. १९६३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निकालात, प्रयोग चालवणारा ‘पुढे जा’ म्हणत राहिला म्हणून ४० पैकी २६ माणसं पलीकडच्या खोलीतल्या माणसाला ४५० व्होल्टपर्यंत धक्के देत गेली. (धक्के खोटे होते, देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं.) याच प्रयोगाचा एक प्रकार मात्र क्वचितच सांगितला जातो. त्यात शेजारी बसलेल्या दोघांनी आधी नकार दिला आणि ते उठून गेले. मग ४० पैकी फक्त चौघं शेवटपर्यंत गेले. आज्ञा तीच, आवाज तोच. दोन माणसं उठली एवढंच बदललं होतं.

न मारलेली हाक

काही वेळा हाक मारणारं कुणी नसतंच. फ्रान्सिस केल्सी १९६० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्यात रुजू झाल्या. पुढच्याच महिन्यात त्यांच्या टेबलावर एका झोपेच्या औषधाचा अर्ज आला. थॅलिडोमाइड. कितीतरी देशांत ते आधीच विकलं जात होतं, गरोदर बायकांना मळमळीसाठीही दिलं जात होतं. नव्या अधिकाऱ्यासाठी सोपी फाइल. केल्सींना सुरक्षिततेची माहिती अपुरी वाटली. त्यांनी सही केली नाही, आणखी माहिती मागितली. कंपनीचे लोक फोन करत, भेटायला येत, वरिष्ठांकडे तक्रार करत. केल्सी पुन्हा पुन्हा माहिती मागत राहिल्या. १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत ते औषध बाजारातून काढून घ्यावं लागलं. जगभरात दहा हजारांहून अधिक मुलं त्यामुळे हातापायांची वाढ न होता किंवा इतर गंभीर व्यंगांसह जन्मली होती. अमेरिकेत अशी मुलं मोजकीच होती. तिथे हाक मारणारी मुलं अजून जन्मलीच नव्हती, आणि एका बाईंनी कागदावरच्या मोकळ्या जागेत ती ऐकली. यात जिवाला धोका नव्हता. नोकरीला होता, नावाला होता. मी याला उडी घेण्यापेक्षा कमी मानत नाही.

आपल्याच माणसांविरुद्ध उभं राहणं याहून अवघड. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकन सैनिक निःशस्त्र गावकऱ्यांना मारत होते. ह्यू थॉम्पसन या २४ वर्षांच्या वैमानिकाने आपलं हेलिकॉप्टर सैनिक आणि पळणारे गावकरी यांच्या मध्ये उतरवलं. सैनिकांनी गावकऱ्यांवर गोळ्या झाडल्या तर त्यांच्यावर गोळ्या झाडा, असं आपल्या दोन सहकाऱ्यांना सांगितलं, आणि काही जणांना तिथून बाहेर काढलं. परत जाऊन तक्रार केली. बदल्यात पुढे वर्षानुवर्षं शिव्या आणि धमक्या मिळाल्या. लष्कराने पदक देऊन गौरव केला तो १९९८ मध्ये, तीस वर्षांनी. रुळांवर उडी घेणाऱ्याला टाळ्या लगेच मिळतात. आपल्याच गटाला थांबवणाऱ्याला त्या मिळतील याची काहीच खात्री नसते, आणि म्हणून अशी माणसं थोडी असतात.

माणसामाणसांत जन्मजात फरक अजिबात नाही, असा माझा दावा नाही. ॲबिगेल मार्श यांनी २०१४ मध्ये पूर्ण अनोळखी व्यक्तीला मूत्रपिंड दिलेल्या १९ जणांच्या मेंदूची तपासणी केली. भीतीशी संबंधित असलेला ॲमिग्डाला हा भाग त्यांच्यात सरासरीपेक्षा सुमारे ८ टक्के मोठा होता, आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती पाहताच तो जास्त जोरात जागा होत होता. म्हणजे फरक असेल तर तो निर्भयतेत नसून दुसऱ्याची भीती स्वतःपर्यंत पोहोचण्यात आहे. मराठीत याला नेमका शब्द आहे, कळवळा. तो कुणाला उपजत थोडा जास्त मिळत असेल. पण ऑलिनर दांपत्याने पाहिलेली घरं सांगतात, की तो वाढवताही येतो.

मग आपण काय करायचं? हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची हे शिकून घ्यायला एक दुपार पुरते. छातीच्या मधोमध, मोठ्या माणसाला पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. शिकलेल्या हाताला ‘कुणीतरी’ची वाट बघावी लागत नाही. गर्दीत मदत हवी असेल तर सगळ्यांना उद्देशून ओरडू नये, एकाकडे बोट दाखवावं, त्याच्या कपड्याचा रंग सांगावा आणि एकच काम द्यावं. आणि हेही तितकंच गरजेचं, की प्रत्येक हाकेला उडी हे उत्तर नसतं. बुडणाऱ्याकडे दोरी, काठी, तरंगेल असं काहीही फेकावं. आपल्याला पोहता येत असलं तरी घाबरलेला माणूस आपल्यालाही खाली ओढतो. बंद टाकीत, जुन्या विहिरीत कुणी बेशुद्ध पडलं तर तिथे विषारी वायू असू शकतो, आणि मागोमाग उतरणाऱ्यांचेही जीव जातात. हार्विकच्या खाणीत ते दोघं असेच गेले. कार्नेगी पदकांपैकी साधारण पाचातलं एक मरणोत्तर दिलं जातं. थांबून आधी नीट बघणारा भित्रा ठरत नाही.

शेवटी पुन्हा किटी जेनोवीजकडे यायचं आहे, कारण ती बातमी बरीचशी चुकीची होती. ३८ लोक बघत राहिले नव्हते. बऱ्याच जणांना नुसता आरडाओरडा ऐकू आला होता, आणि काय चाललं आहे हे नीट दिसलं असे मोजकेच होते. एकाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला हुसकावलंही होतं. हल्लेखोर नंतर परत आला. हे सगळं पुराव्यानिशी मांडलं जायला चाळीसहून अधिक वर्षं लागली, आणि न्यूयॉर्क टाइम्सनेही पुढे आपल्या बातमीतल्या चुका मान्य केल्या. त्या इमारतीत सोफिया फरार नावाची एक शेजारीण राहत होती. कळताच ती जिन्यावरून धावत खाली गेली. हल्लेखोर अजून तिथेच आहे की पळाला, हे तिला माहीत नव्हतं. तिने किटीला कुशीत घेतलं आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तशीच धरून ठेवलं. कुणीही आलं नाही म्हणून जगभर गाजलेल्या त्या बातमीत सोफियाचा उल्लेख नव्हता.